होम थिएटरसाठी व्हिडिओ केबल : निवड, लांबी आणि जोडणी

घरातील एखादी खोली खास चित्रपट पाहण्यासाठी राखून ठेवण्याची हौस आता केवळ धनिकांपुरती उरलेली नाही. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील मध्यमवर्गीय सदनिकांतही मोठ्या पडद्याचा टीव्ही किंवा प्रोजेक्टर, ध्वनिवर्धकांचा संच आणि अंधार करण्यासाठी जाड पडदे दिसू लागले आहेत. ही खोली सजवताना टीव्ही कोणता घ्यावा, स्पीकर कोठे ठेवावेत, आसनव्यवस्था कशी असावी यावर घरात महिनोन्‌महिने चर्चा होते. मात्र ही सर्व उपकरणे ज्या केबलने एकमेकांना जोडली जातात, तिचा विचार बहुधा शेवटच्या दिवशी आणि दुकानदाराच्या सल्ल्यानेच होतो. परिणामी कोणी गरजेपेक्षा कितीतरी महाग केबल विकत घेतो, तर कोणी अपुऱ्या क्षमतेची केबल भिंतीत कायमची गाडून बसतो.

यातील दुसरी चूक अधिक महागात पडते. प्रस्तुत लेखकाने २००७ साली घराचे नूतनीकरण करताना त्या काळी उत्तम समजली जाणारी तीन पदरी कंपोनंट केबल भिंतीत चर खोदून बसवून घेतली आणि वर प्लास्टर, रंग सारे काही करून घेतले. ती केबल आजही शाबूत आहे. परंतु तिचा उपयोग करील असे एकही उपकरण घरात उरलेले नाही. नवी केबल टाकायची तर भिंत फोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. केबलची निवड ही केवळ तांत्रिक बाब नसून ती घराच्या बांधकामाशीही निगडित असते, हा धडा त्यातून मिळाला. हा विषय मुळापासून समजून घेतल्यास असा खर्च टाळता येतो.

जुन्या केबल आणि त्यांचे रंग

पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या पिनांची केबल बहुतेक घरांत अजूनही एखाद्या खणात सापडते. यातील पिवळी पिन चित्रासाठी, तर लाल व पांढरी पिन अनुक्रमे उजव्या व डाव्या बाजूच्या ध्वनीसाठी असते. पिवळ्या पिनेतून जाणाऱ्या संदेशाला कंपोझिट व्हिडिओ म्हणतात. चित्राचा उजेड आणि रंग ही दोन्ही माहिती येथे एकाच तारेतून एकत्र जाते. टीव्हीला ती पुन्हा वेगळी करावी लागते आणि हे काम कधीच पूर्ण निर्दोष होत नाही. म्हणूनच बारीक रेघांच्या सदऱ्यावर इंद्रधनुष्यी छटा तरळताना दिसत असत.

हा दोष कमी करण्यासाठी एस-व्हिडिओ आली. चार काड्यांच्या गोल पिनेतून उजेड व रंग दोन स्वतंत्र तारांनी जाऊ लागले. त्यापुढची पायरी कंपोनंट व्हिडिओची. हिरव्या, निळ्या आणि लाल अशा तीन पिनांपैकी हिरव्या पिनेतून चित्राचा उजेड, तर उरलेल्या दोन पिनांतून रंगातील फरकाची माहिती जाते. या मार्गाने उच्चदर्जाचे, म्हणजे हाय डेफिनिशन चित्रही नेता येते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कंपोनंटमधील लाल पिन चित्राची असते आणि ध्वनीच्या जोडीतील लाल पिन वेगळी. दोन्हींची अदलाबदल ही नित्याची चूक होय.

या सर्व केबल अ‍ॅनालॉग पद्धतीच्या. त्यांतून विजेच्या दाबाचा सतत बदलणारा आलेख वाहतो. केबल लांब वा निकृष्ट असेल, तर चित्र हळूहळू पुसट होते, सावल्या उमटतात, रंग फिके पडतात. चांगल्या केबलने चित्र सुधारते, ही समजूत याच काळात रुजली आणि तेव्हा ती खरीही होती.

मात्र कंपोनंट केबल निरुपयोगी ठरली ती तिच्या गुणवत्तेमुळे नव्हे. अ‍ॅनालॉग मार्गाने चित्रपटांची नक्कल सहज करता येते, या भीतीने २०१० नंतर बनलेल्या ब्लू-रे प्लेयरवर बंधन आले. सुरक्षित तबकड्यांचे उच्चदर्जाचे चित्र या मार्गाने देणे थांबले आणि २०१३ नंतरच्या प्लेयरमधून ही जोडणीच काढून टाकण्यात आली. जुना व्हीसीआर, हँडीकॅम किंवा डीव्हीडी प्लेयर वापरायचा असेल, तरच आज या केबल जपून ठेवाव्यात.

एचडीएमआयचा उदय

एचडीएमआय या जोडणीचा पहिला आराखडा डिसेंबर २००२ मध्ये जाहीर झाला. हिताची, पॅनासॉनिक, फिलिप्स, सोनी, थॉमसन, तोशिबा आणि सिलिकॉन इमेज या कंपन्या त्यामागे होत्या. संगणकासाठी १९९९ मध्ये आलेल्या डीव्हीआय जोडणीच्याच तत्त्वावर ती आधारलेली आहे. मात्र येथे चित्राबरोबर ध्वनीही त्याच केबलमधून जातो. एकोणीस जोडबिंदूंच्या या चपट्या पिनेने जुन्या पाच-सहा तारांचा गुंता संपवला.

येथे माहिती शून्य आणि एक या अंकांच्या रूपाने वाहते. त्यामुळे प्रश्न बदलतो. चित्र किती सुंदर पोहोचते असे न विचारता, दर सेकंदाला किती अंक बिनचूक पोहोचतात असे विचारावे लागते. याचे उत्तर गिगाबिट या एककात मिळते. एक गिगाबिट म्हणजे शंभर कोटी अंक.

आकड्यांचा हिशेब

हा हिशेब वाटतो तितका अवघड नाही. फुल एचडी चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० बिंदू असतात. प्रत्यक्ष पाठवताना भोवतालची रिकामी जागा धरून ही मोजणी २२०० गुणिले ११२५ होते. सेकंदाला ६० चित्रे धरली, तर दर सेकंदाला १४.८५ कोटी बिंदू होतात. प्रत्येक बिंदूचे तीन रंग आणि प्रत्येक रंगासाठी केबलवर दहा अंक. गुणाकार केल्यास सुमारे ४.४६ गिगाबिट हे उत्तर मिळते. एचडीएमआयच्या पहिल्या आवृत्तीची मर्यादा ४.९५ गिगाबिट होती.

४के चित्रात बिंदूंची संख्या फुल एचडीच्या चौपट असते. साहजिकच सेकंदाला ६० चित्रांच्या ४के प्रक्षेपणासाठी सुमारे १७.८ गिगाबिट लागतात. २०१३ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीची १८ गिगाबिट ही मर्यादा येथून आली. २०१७ मधील २.१ आवृत्तीने ती ४८ गिगाबिटवर नेली. त्यामुळे सेकंदाला १२० चित्रांचे ४के किंवा ६० चित्रांचे ८के शक्य झाले. जून २०२५ मध्ये ९६ गिगाबिटची २.२ आवृत्तीही प्रसिद्ध झाली आहे.

आता आपल्या घरातील उपकरणांकडे पाहू. डीटीएचचा एचडी सेट टॉप बॉक्स १०८०आय प्रकारचे चित्र देतो, तेव्हा त्याला जेमतेम सव्वादोन गिगाबिट लागतात. चित्रपटाची ४के तबकडी बहुधा सेकंदाला २४ चित्रेच दाखवते. दहा अंकी रंगखोलीसह तिची कमाल गरज सुमारे ११ गिगाबिट असते. इंटरनेटवरून चित्रपट दाखवणारा छोटा बॉक्स मात्र अनेकदा सर्व चित्र सेकंदाला ६० या गतीनेच बाहेर पाठवतो. त्याला १८ गिगाबिटची केबल हवी. सेकंदाला १२० चित्रांच्या ४के खेळासाठी प्लेस्टेशन ५ सारखा गेमिंग कन्सोल वापरायचा असेल, तरच ४८ गिगाबिटच्या केबलचा विचार अनिवार्य ठरतो.

आवृत्ती नव्हे, वर्ग पाहा

दुकानात केबलच्या वेष्टनावर मोठ्या अक्षरांत '२.१' किंवा '२.०' छापलेले असते. वस्तुतः हे आवृत्तिक्रमांक उपकरणांसाठी असतात. केबलवर ते छापू नयेत, असा एचडीएमआय परवाना देणाऱ्या संस्थेचाच नियम आहे. केबलचे वर्गीकरण तिच्या वहनक्षमतेवरून होते. त्यातील महत्त्वाचे वर्ग असे :

• स्टँडर्ड : १०८०आय किंवा ७२०पी चित्रापुरती. सेट टॉप बॉक्सला पुरेशी, परंतु नव्याने घेऊ नये.

• हाय स्पीड : १०.२ गिगाबिट. फुल एचडी आणि सेकंदाला ३० चित्रांपर्यंतच्या ४केसाठी.

• प्रीमियम हाय स्पीड : १८ गिगाबिट. सेकंदाला ६० चित्रांच्या ४केसाठी. बहुतेक घरांची गरज येथे भागते.

• अल्ट्रा हाय स्पीड : ४८ गिगाबिट. सेकंदाला १२० चित्रांचे ४के तसेच ८के चित्रासाठी.

• अल्ट्रा९६ : २.२ आवृत्तीबरोबर जाहीर झालेला ९६ गिगाबिटचा वर्ग. आजच्या घरगुती चित्रपटगृहाला त्याची निकड नाही.

प्रीमियम आणि अल्ट्रा या वर्गांच्या केबलची अधिकृत प्रयोगशाळेत चाचणी होते आणि वेष्टनावर क्यूआर संकेतासह प्रमाणपत्राचे लेबल असते. परवाना संस्थेच्या अ‍ॅपने ते मोबाइलवर तपासता येते. लेबलवरील लांबी हातातील केबलच्या लांबीशी जुळते की नाही, हेही पाहावे. एका लांबीचे प्रमाणपत्र दुसऱ्या लांबीला लागू होत नाही.

महाग केबल, चांगले चित्र?

हा प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो. त्याचे उत्तर स्पष्ट आहे. अंक बिनचूक पोहोचत असतील, तर पाचशे रुपयांच्या आणि पाच हजार रुपयांच्या केबलने दिलेले चित्र तंतोतंत सारखेच असते. महाग केबलने काळा रंग अधिक गडद होत नाही की चेहऱ्यावरची लाली वाढत नाही. डिजिटल केबल नापास होते तेव्हा ती लपून राहत नाही. चित्रावर पांढरे वा रंगीत ठिपके चमकतात, क्षणभर पडदा काळा होतो, आवाज तुटतो किंवा चित्र मुळीच येत नाही. हे काहीही घडत नसेल, तर केबल उत्तीर्ण झाली असे समजावे.

सोन्याच्या मुलाम्याचा मोहही तपासून घ्यावा. सोने गंजत नाही, हा त्याचा गुण. समुद्रकाठच्या दमट, खारट हवेत तो उपयोगी ठरू शकतो. चित्राशी त्याचा संबंध नाही. जास्तीचे पैसे मोजायचेच असतील, तर ते अधिक लांबी, पिनेची मजबूत पकड, चांगले आवरण आणि खरे प्रमाणपत्र यांसाठी मोजावेत.

लांबीचे गणित

केबलची खरी कसोटी लागते ती लांबीवर. वेग जितका अधिक, तितकी तांब्याच्या तारेत संदेशाची झीज अधिक. फुल एचडी चित्र चांगल्या, जाड तांब्याच्या केबलने पंधरा मीटरपर्यंतही नेता येते. १८ गिगाबिटसाठी मात्र सहा-सात मीटरनंतर अडचणी सुरू होतात आणि ४८ गिगाबिटची साधी तांब्याची केबल साधारणतः तीन ते पाच मीटरपर्यंतच भरवशाची असते. तारेची जाडी एडब्ल्यूजी या मापात दिलेली असते. हा आकडा जितका लहान, तितकी तार जाड. २४ क्रमांकाची तार २८ क्रमांकाच्या तारेपेक्षा जाड असते.

लांबीचा अंदाज नजरेने घेऊ नये, टेपने मोजावे. समजा, सोळा बाय बारा फुटांच्या खोलीत प्रोजेक्टर छताला टांगायचा आहे आणि प्लेयर पडद्याखालच्या कपाटात आहे. कपाटापासून छतापर्यंत आठ फूट, भिंतीकडून मध्यावर येण्यास चार फूट, छताखालून प्रोजेक्टरपर्यंत बारा फूट, खाली उतरण्यास एक फूट आणि दोन्ही टोकांना मिळून तीन फूट सैल. बेरीज अठ्ठावीस फूट, म्हणजे साडेआठ मीटर. बाजारात यासाठी दहा मीटरची केबल घ्यावी लागेल. लहानशा खोलीतही आपण तांब्याच्या मर्यादेपलीकडे जातो, हे यावरून दिसून येईल.

अशा वेळी दोन पर्याय असतात. पहिला, ऑप्टिकल फायबरची अ‍ॅक्टिव्ह केबल. तिच्या एका टोकाला विजेच्या संदेशाचे प्रकाशात आणि दुसऱ्या टोकाला प्रकाशाचे पुन्हा विजेत रूपांतर होते. ती पातळ, हलकी असून कित्येक मीटर अंतरही सहज पार करते. मात्र तिला दिशा असते. 'सोर्स' लिहिलेले टोक प्लेयर वा अँप्लिफायरला आणि 'डिस्प्ले' लिहिलेले टोक प्रोजेक्टरला जोडावे लागते. ती उलटी टाकून छत बंद केल्यावर चूक लक्षात येणे याइतके दुर्दैव नाही. तिला काटकोनात दुमडू नये आणि पिनेला धरून ओढू नये.

दुसरा पर्याय एचडीबेसटी या तंत्राचा. यात दोन्ही टोकांना छोटे डबे बसवून इंटरनेटसाठी वापरली जाणारी कॅट-६ केबल मध्ये टाकतात. १८ गिगाबिटचे विनासंकोच चित्र हवे असेल, तर या तंत्राची ३.० आवृत्ती पाहून घ्यावी. जुन्या डब्यांची क्षमता कमी असते.

भिंतीत केबल नव्हे, वाट ठेवा

बांधकाम किंवा फर्निचरचे काम सुरू असेल, तर या लेखातील सर्वांत महत्त्वाची सूचना हीच. कोणतीही केबल थेट प्लास्टरखाली गाडू नका. भिंतीत आणि फॉल्स सीलिंगमध्ये पीव्हीसीचा रुंद पाइप टाकून घ्या आणि केबल त्यातून न्या. तंत्र बदलले की जुनी केबल ओढून काढता येते आणि नवी घालता येते.

पाइपच्या मापाकडे वायरमनचे लक्ष मुद्दाम वेधावे लागते. वीजजोडणीसाठी वापरले जाणारे १९ किंवा २५ मिलिमीटरचे पाइप येथे अपुरे ठरतात, कारण केबल बारीक असली तरी एचडीएमआयची पिन तिच्या आवरणासह रुंद असते. शक्य असल्यास ४० मिलिमीटरचा पाइप टाकावा. वळणावर काटकोनी एल्बो टाळून मोठ्या गोलाईचे बेंड वापरावेत आणि पाइपमध्ये एक मजबूत दोरी कायम ठेवून द्यावी. त्याच वाटेने एक-दोन कॅट-६ केबलही टाकून ठेवाव्यात; हा खर्च किरकोळ असून भविष्यात तो उपयोगी पडतो.

विजेच्या तारा आणि व्हिडिओ केबल एकाच पाइपमधून नेऊ नयेत. दोन्हींत शक्यतो एक फुटाचे अंतर ठेवावे आणि एकमेकींना ओलांडायचेच असेल, तर काटकोनात ओलांडावे. सर्व उपकरणांना तीन पिनांचा, योग्य अर्थिंग असलेला सॉकेट द्यावा. केबल लावताना अथवा काढताना उपकरणे बंद ठेवण्याची सवयही चांगली. अर्थिंग सदोष असल्यास जोडणी करताना पोर्ट जळण्याचा धोका असतो.

आणि हो, प्लास्टर वा छत बंद करण्यापूर्वी केबल प्रत्यक्ष त्याच प्लेयरला व त्याच पडद्याला जोडून, सर्वोच्च दर्जाचे चित्र लावून एक पूर्ण चित्रपट पाहावा. पाच मिनिटांच्या चाचणीत न दिसणारे दोष दोन तासांत दिसतात.

ध्वनीचा परतीचा मार्ग

टीव्हीवरच चालणाऱ्या अ‍ॅपचा आवाज साउंडबार किंवा अँप्लिफायरकडे न्यायचा असेल, तर ज्या केबलने चित्र टीव्हीकडे येते तिच्यातूनच ध्वनी उलट पाठवता येतो. या सोयीला एआरसी म्हणतात. ती २००९ च्या १.४ आवृत्तीपासून मिळू लागली. २.१ आवृत्तीबरोबर आलेली ईएआरसी ही तिची सुधारित पद्धत संकोच न केलेला बहुपदरी ध्वनीही वाहून नेते. टीव्हीच्या सर्व पोर्टना ही सोय नसते. ज्या पोर्टवर तशी अक्षरे छापलेली असतील, तोच वापरावा. फायबरची केबल घेताना ती ईएआरसी चालवते काय, हे आवर्जून विचारावे.

केबल बदलण्यापूर्वी

चित्र न आल्यास दोष नेहमी केबलचाच असतो असे नाही. अनेक टीव्हींवर ४केची पूर्ण क्षमता एक-दोन पोर्टनाच असते आणि तीही मेनूमध्ये जाऊन सुरू करावी लागते. नक्कलविरोधी एचडीसीपी संरक्षणाची २.२ आवृत्ती ४के चित्रपटांसाठी सामान्यतः लागते. प्लेयर, अँप्लिफायर आणि टीव्ही या साखळीतील एक जरी उपकरण जुने असले, तरी चित्र अडते किंवा कमी दर्जाचे येते. नवी केबल त्यावर उपाय नव्हे. प्रथम प्लेयर लहान केबलने थेट टीव्हीला जोडून पाहावा. चित्र आले, तर दोष मधल्या उपकरणात किंवा लांब केबलमध्ये आहे, हे निश्चित होते. त्यानंतर प्लेयरमधील चित्राची गती ६० वरून ३० करून पाहावी. ठिपके नाहीसे झाले, तर केबलची क्षमता अपुरी आहे असे समजावे.

लॅपटॉप जोडताना आणखी एक पथ्य पाळावे. डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआयकडे जाणारी साधी केबल उलट दिशेने चालत नाही. खरेदीपूर्वी कोणत्या टोकाकडून कोणत्या टोकाकडे जायचे आहे, हे दुकानदाराला स्पष्ट सांगावे.

खरेदीला निघताना

घरून निघताना चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात : टेपने मोजलेली लांबी, उपकरणांना लागणारा सर्वाधिक वेग, ईएआरसीची गरज आणि केबलचा मार्ग उघडा की पाइपमधून. तीन मीटरच्या आत जोडणी असेल, तर प्रमाणित अल्ट्रा हाय स्पीड केबल घेऊन निश्चिंत व्हावे. अंतर अधिक असेल, तर फायबरचा विचार करावा आणि परत देण्याची सोय असलेल्या दुकानातूनच ती घ्यावी. उरलेले पैसे चांगल्या पडद्यावर किंवा स्पीकरवर खर्च केल्यास त्याचा फरक डोळ्यांना आणि कानांना खरोखरच जाणवेल.

केबलचे काम एवढेच, की जे एका टोकाला घातले ते दुसऱ्या टोकाला जसेच्या तसे पोहोचावे. ते काम ती चोख करीत असेल, तर चित्रपट सुरू झाल्यावर तिची आठवणही होत नाही. तशी ती होऊ नये आणि झालीच तर भिंत फोडावी लागू नये, एवढी दक्षता आपण आधी घ्यायची असते.